नऊ नंबरच्या खाटेवरचं इंजेक्शन

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठ दिवस दवाखान्यात पडून होते. साधी गोळी द्यायची तरी केवढा सोहळा. नर्स आधी माझ्या मनगटावरची पट्टी यंत्राला दाखवणार, मग कॉम्प्युटरात बघणार आणि वर मलाच विचारणार, ‘आजी, पूर्ण नाव सांगा.’ पाचव्या दिवशी मी वैतागले. म्हटलं, ‘अगं बाई, रात्रीतून मी बदलले का?’ ती हसली. ‘नाव जुळल्याशिवाय हा पुढं जाऊच देत नाही हो,’ म्हणाली. मी तोंड भिंतीकडं वळवलं. रडू आलं होतं, ते तिला दाखवायचं नव्हतं.

सत्तरच्या दशकात मी स्वतः सोलापुरातल्या एका दवाखान्यात नर्स होते. डॉक्टर राउंडला केसपेपरवर औषधं लिहायचे, आम्ही ती वॉर्डाच्या वहीत उतरवून घ्यायचो. वहीत नावं नसत, खाटेचा नंबर असे. चाळीस खाटा, वर जमिनीवर टाकलेल्या गाद्या आणि आम्ही दोघी. नावं लिहीत बसायला सवड कुणाला होती? बोलतानासुद्धा ‘नऊला सलाइन लाव’, ‘बावीस घरी गेले’ असंच बोलायचो. नंबर भिंतीवर रंगवलेले होते आणि केसपेपर आमच्या टेबलावर त्याच नंबरानं लावलेले असत.

बायकांच्या वॉर्डातून पुरुषांच्या वॉर्डात माझी बदली झाली, तो माझा पहिलाच दिवस. मे महिन्यातला सोमवार. अख्ख्या वॉर्डात पंखे दोन, त्यातला एक बंद. चालू पंख्याखाली चौदा नंबरला मंगळवेढ्याकडचे एक म्हातारे काका होते. न्यूमोनिया बरा होत आला होता, बुधवारी घरी जायचे होते. नऊ नंबरला, पार कोपऱ्यात, एक तेलुगू विणकर. त्याला मधुमेह, पायाला चिघळलेली जखम. पहाटे तो गरमीनं तळमळत होता, म्हणून काकांनी त्याला आपल्या खाटेवर आणून निजवलं आणि स्वतः नऊवर जाऊन पडले. एवढ्या-तेवढ्याला नर्सला काय विचारायचं, असं त्यांना वाटलं असणार.

सात वाजता मी वही आणि ट्रे घेऊन निघाले. नऊ, इन्सुलिन. मी काकांचा दंड धरला. रोज पेनिसिलिन घेऊन सुईला सरावलेला माणूस. ते म्हणाले, ‘आज दंडात व्हय, बाई? रोज तर कमरंत देत्यात की.’

तेव्हा राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. ‘तुम्ही डॉक्टर का मी? गप पडा, मला अजून वीस जण उरकायचेत,’ म्हणाले. आणि ते गप पडले. आजचा कॉम्प्युटर जे विचारून हात अडवतो, तेच त्यांनी त्या दिवशी मला विचारलं होतं. वडिलांच्या वयाच्या माणसाला मी झिडकारलं, याची आजही लाज वाटते.

त्यात काकांचा सोमवार होता. आदल्या रात्रीपासून पोटात काही नाही, सकाळचा चहाही त्यांनी परत पाठवला. इन्सुलिननं रक्तातली साखर उतरते. मधुमेह नसलेल्या माणसाला उपाशीपोटी ते दिलं, तर ती इतकी उतरते की जिवावर बेतावं. दहा वाजता मी पाहिलं, सदरा घामानं चिंब. पण मे महिन्यात सोलापुरात कुणाचा सदरा कोरडा असतो? त्यांची बायको उशाशी बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होती. ‘झोपू द्या बाई, लई दिसानं डोळा लागलाय,’ म्हणाली. मी पुढं गेले.

बाराला जेवण आलं, तेव्हा पंख्याखालचा विणकर मला म्हणाला, ‘अक्का, आज साखरेची सुई नाही दिली. कमरेत दिली दुसरीच. जेवू का नको?’

मग नऊचं इन्सुलिन मी कुणाला दिलं होतं? धावत नऊवर गेले. काका हाकेला ओ देईनात, आणि बघता बघता झटके सुरू झाले. डॉक्टर आले. मी त्यांना तिथल्या तिथं खरं ते सांगितलं, एवढं तरी केलं. त्यांनी शिरेतून ग्लुकोज दिलं. साखर वर आली, पण शुद्ध आली नाही. बुधवारी ते गेले.

डॉक्टरांनी केसपेपरवर न्यूमोनियाच लिहिला. माझ्याकडं न बघता म्हणाले, ‘आता कुणाला काही बोलू नका.’ चौकशी नाही, काही नाही.

दुपारी काकांचा भाऊ गाडी ठरवायला गेला होता. बायको व्हरांड्यात गाठोडं बांधत बसली होती. मला पाहून तिनं माझा पदर धरला.

‘बाई, हे म्हनत होते, अंगात ताकद न्हाय, ह्या खेपेला सोमवार सोडतो. मीच नको म्हनले. देवाला बोललोय म्हनले. खाल्लं असतं तर वाचले असते का ओ?’

‘चूक माझी झाली’ एवढंच म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठावर आले होते. पण नोकरी डोळ्यापुढं आली, पोलीस आले, घरी माझ्या पगाराकडं डोळे लावून बसलेली आई आली.

मी म्हणाले, ‘आजारपणात उपास धरू नये, मावशी.’

तिनं पदर सोडला. 

‘व्हय,’ म्हणाली, ‘म्हंजे मीच मारलं त्यांना.’

आणि मी तिला तसंच जाऊ दिलं.