काकांचा बल्ब आणि मावशीची कळशी

जगात सूर्यानंतर उष्णतेचा सगळ्यात जास्त विचार कुणी केला असेल तर तो आमच्या मावशीच्या नवऱ्यानं, आणि मी हे उगाच फेकत नाहीये! राहणार आखाडा बाळापूरच्या पलीकडं, घराकडं देवळातल्या महादेवाची पूजा, शेतात थोडी हळद, आणि तोंडात कायम एकच वाक्य: "केवढी गरमी वाया चालून राहिली!" चहाच्या कपावर हात धरून हेच, भज्याच्या गाड्यासमोर हेच, एसटीच्या तापलेल्या इंजिनजवळ बसून हेच. शेवटी ड्रायव्हरनंच हात जोडून त्यांना मागच्या सीटवर पाठवलं. मला एकदा सणकून ताप आला, तर कपाळावर हात ठेवून हा माणूस म्हणतो, "पोरी, बल्ब जळला असता बघ!"

आता बल्बाचं सांगते. हैदराबादच्या जुन्या बाजारातून त्यांनी पाणी गार करायच्या मोडक्या मशीनमधल्या पांढऱ्या, चौकोनी, बिस्किटाएवढ्या पट्ट्या आणल्या होत्या. त्यांची एक बाजू तापवायची, दुसरी गार ठेवायची, की वायरीतून वीज येते. खरंच येते! तापवायला आमच्याकडं काय कमी? हळद शिजवायची भली मोठी कढई दिवसभर भगभगत असायची. काकांनी तिच्या काठाला पट्ट्या आवळल्या, टॉर्चचा बल्ब जोडला आणि शेजारच्या मेंढ्यावाल्या आबांची घोंगडी मागून आणली, कारण भर दुपारी एवढासा उजेड दिसणार कसा? आम्ही सगळे घोंगडीत डोकं घालून बसलो. बल्ब पेटला! आणि "पेटला" म्हणून ओरडेपर्यंत विझला. पट्टीची गार बाजूसुद्धा तापली होती. "गरमी कुणीबी करतंय," काका घाम पुसत म्हणाले, "गार ठेवणं अवघड."

झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं हा माणूस फक्त गार ठेवण्याच्या मागं लागला. ओलं पोतं गुंडाळलं, ते वाळून जळालं. ताक ओतलं, कारण ताकानं माणूस गार होतो. त्या हळदीला आंबूस वास लागला तो मावशी अजून विसरली नाही. हिंगोलीहून एसटीनं बर्फ आणला, तर बाळापूरपर्यंत सगळ्या प्रवाशांचे पाय गार झाले आणि काकांच्या हातात ओला भुसा उरला. मग टेबल फॅन आणला, तेव्हा मावशीनं कमरेवर हात ठेवले. "अहो, बल्बासाठी पंखा, पंख्यासाठी लाइट. लाइट असंल तर बल्ब थेटच लावा की! काहून तकलीफ घेता?" काकांनी पंखा उचलून आत नेऊन ठेवला. मला तर वाटतं, असा प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअरांनासुद्धा पडत असेल, फक्त त्यांच्या घरी आमची मावशी नसते.

शेवटी एका हंगामात तिनं निकाल लावला. औंदाची हळद शिजेपर्यंत बल्ब टिकला तर ठीक, नाहीतर सगळं भंगारवाल्याला. काकांचा चेहरा असा पडला की मलाच रडू आलं. मी कॉलेजच्या सुट्टीत आले होते आणि खरं सांगते, त्या पट्ट्या गेल्या असत्या तर त्यांच्याबरोबर काकाही निम्मे गेले असते. शेवटची कढई चढली. ओल्या फडक्याचा प्रयोग फसला. फडकं भिजवून परत येईपर्यंत बल्ब मेलेला.

तेव्हा मावशी वैतागून म्हणाली, "उन्हाळ्यात महादेवाच्या डोक्यावर गळती टांगता ना, तशी एक तुमच्याबी डोक्यावर टांगा! ठिबकत राहील दिवसभर."

  बुडाला भोक असलेलं ते तांब्याचं भांडं, पिंडीवर थेंब थेंब पडणारं पाणी, हे काका लहानपणापासून रोज बघत आले होते. ते एकदम देवळाकडं पळत सुटले.

"थांबा!" मावशी कडाडली. "देवाची गळती न्हाई आणायची!" आणि आत जाऊन तिनं माहेरची तांब्याची कळशी आणून त्यांच्यापुढं आदळली. "पाडा हिला भोक."

"अगं, माहेरची..."

"पाडा म्हनलं ना!"

पट्ट्यांवर ओलं फडकं, वर कळशी, थेंब थेंब पाणी, आणि वरून मार्चचा वारा. आम्ही तिघं घोंगडीत शिरलो. बल्ब पेटला.  विझेना! आत इतकं उकडत होतं, घोंगडीचा वास, हळदीची वाफ, आणि त्या इवल्याशा पिवळ्या उजेडात काकांचे डोळे ओले. मावशी त्यांच्याकडंच बघत होती, बल्बाकडं नाही. मग हळूच म्हणाली, "कळशीत पानी वता, संपंल." कढई उतरेपर्यंत पाणी तीच ओतत राहिली.

आता गावात हळद शिजवायला ट्रॅक्टरवर बॉयलर येतो. कढई उलटी पडलीय, तिच्याखाली कोंबड्या बसतात. काका थकलेत, कमी बोलतात. परवा बॉयलर आमच्या खळ्यावर उभा राहिला आणि वाफेचा केवढा तरी लोट वर गेला. मी काकांकडं पाहिलं, आता म्हणतील म्हणून. ते नुसतेच बघत बसले.

"अहो," मावशी म्हणाली, "केवढी गरमी वाया चालून राहिली!"

आणि आत जाऊन, खुंटीवरची भोकाची कळशी काढून तिनं त्यांच्या मांडीवर ठेवली.