धुऊन आणलेले पाय

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, पण त्याचे पाय अजून आठवतात. सत्तरच्या दशकातला पवित्र गुरुवार. प्रभूने या दिवशी आपल्या बारा शिष्यांचे पाय धुतले, म्हणून पापडीच्या चर्चमध्ये फादर बारा पुरुषांचे पाय धुणार होते. आम्ही अकराजणांनी घरीच वजरीने टाचा घासून गुलाबी केल्या होत्या! बारावा आजारी पडला, म्हणून मागे उभा असलेला हा परगावचा केळीबागायतदार पुढे ओढला गेला. वाडीला पाणी लावून तसाच आलेला, पोटऱ्यांपर्यंत चिखल.

"नको हो फादर, हे धुण्यासारखे नाहीत," म्हणत त्याने पाय बाकाखाली दडवले. सगळं चर्च बघत होतं, बिचारा घामाघूम झाला. फादरांनी बाह्या सरसावल्या. "आण इकडे! आज कुठे मला काम मिळालं!" तीन तांबे पाणी लागलं.

बाहेर अंगणात मी शाळामास्तरी थाटात भाषणच ठोकलं, "बाप्तिस्म्यासारखा हाही संस्कार करा, सगळ्यांना सक्तीचा!"

तो हळूच म्हणाला, "मास्तर, सक्ती केलीत तर सगळा गाव तुमच्यासारखा पाय धुऊनच येईल. मग फादर काय धुणार?"

आणि धुतलेले पाय मळू नयेत म्हणून टाचांवर तोल सांभाळत निघून गेला.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम भाजीच्या वाफ्यात पाय बरबटवून निघालो. बायकोने दारातच अडवलं. "माझी अब्रू घालवता काय?" पायरीवर बसवून, बडबडत, तिने स्वतः माझे पाय धुतले. चर्चला पोचण्याआधीच माझा संस्कार उरकला होता.