उसना पाय

फोटोवाली जात्याच भित्री. दारात टपालवाला उभा राहिला तरी तिच्या पोटात गोळा यायचा, आणि पत्र शेजाऱ्यांचं निघालं की जीव भांड्यात पडायचा. वडिलांच्या स्टुडिओत तिनं निम्मं आयुष्य पासपोर्टचे फोटो काढण्यात घालवलं. तिथंही दर गिऱ्हाइकाला तिला वाटायचं, याचे डोळे मिटलेले येणार आणि याचं विमान माझ्यापायी चुकणार. विमान कोणाचंच चुकलं नाही. उलट लोक मुद्दाम तिच्याकडे यायचे, कारण ती फोटोत माणसाला ठाकठीक करून द्यायची. हनुवटीवरची पुटकुळी पुसायची, उभे राहिलेले केस बसवायची, आणि बिनकोटाच्या गिऱ्हाइकासाठी खुंटीवर एक काळा कोट कायमचा टांगलेला होता. त्या एका कोटात किती लोक परदेशी जाऊन आले, देव जाणे.

मग ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला आणि स्टुडिओला कुलूप लागलं. वडील थकले होते, लग्नाचा विषय कधीचाच मागं पडला होता. अशात तिला कीटकांच्या संग्रहालयात काम मिळालं. भिंतभर लाकडी ड्रॉवर, आणि त्यांत टाचण्यांना टोचून ठेवलेले, कोण्या काळी कोणीतरी पकडलेले वाळके किडे. एकेक किडा काढून कॅमेऱ्याखाली ठेवायचा, त्याचा इंच न् इंच टिपायचा, टाचणीवरच्या लेबलातला मजकूर टाइप करायचा आणि सगळं साइटवर चढवायचं. एकदा चढवलं की जगाच्या कुठल्याही टोकाला बसलेल्या संशोधकाला तो किडा घरबसल्या पार केसापर्यंत बघता येई. या ड्रॉवरांच्या प्रमुख असलेल्या मॅडम फुलपाखरांच्या अभ्यासक. भुंगेऱ्यांतलं आपल्याला ओ की ठो कळत नाही, हे त्या हसत हसत सांगत. तिथं सगळे हिला फोटोवालीच म्हणत.

एका सकाळी तिच्या हाताखाली एक तपकिरी भुंगेरा आला. लेबलावर ठिकाण आणि साल होतं, जातीचं नाव नव्हतं. बिचाऱ्याचे मागचे दोन्ही पाय गळून गेले होते. ड्रॉवरच्या कोपऱ्यात मात्र एक सुटा पाय पडलेला होता. रंग तोच, लांबीही जवळजवळ तेवढीच. इथं थांबून कोणाला तरी विचारायला हवं होतं, हे तुम्हाआम्हाला कळतं. तिला त्या घडीला एवढंच दिसलं की गिऱ्हाईक बिनकोटाचं फोटोला उभं आहे. तिनं चिमट्यानं पाय उचलला, डिंकाचा एक ठिपका लावला आणि डाव्या बाजूला बसवून दिला. फोटो झकास आला. तिनं तो साइटवर चढवला आणि विसरूनही गेली.

साइटवर प्रत्येक फोटोखाली लोकांना लिहायला जागा असते. काही आठवड्यांनी तिथं दूरच्या देशातल्या एका भुंगेरेतज्ज्ञानं लिहिलं, ‘याच्या मागच्या पायावर कंगव्यासारखे दाते आहेत. या गटातल्या कुठल्याही भुंगेऱ्याला असे दाते नसतात. ही नवीन जात दिसते. पायाचे आणखी जवळून फोटो मिळतील का?’

फोटोवालीच्या तोंडचं पाणी पळालं. दाते तिनं बघितलेही नव्हते! त्या दिवसापासून मनातल्या मनात तिनं त्या माणसाचं नाव पायवाला ठेवलं.

मॅडमना आभाळ ठेंगणं झालं होतं. “अहो, आपल्या ड्रॉवरातून नवीन जात! द्या त्यांना काय हवं ते.”

“मॅडम, तो पाय...”

“हं?”

“काही नाही. लाइट जरा बदलावा लागेल.”

आणि तिनं लाइट बदलला. सांध्यावर डिंक चमकत होता, तो चमकेनासा होईपर्यंत ती दिवा इकडचा तिकडं करत राहिली. पहिल्या वेळी तिनं नीटनेटकेपणा केला होता. या वेळी लबाडी केली, आणि दोन्हींतला फरक तिला पुरता कळत होता.

मग तिचं खाणंपिणं गेलं. कॉम्प्युटरनं मेल आल्याचा टिंग आवाज केला की काळजात धस्स व्हायचं. पायवाला फार गोड माणूस होता, हेच मोठं संकट. शिव्या देणारा असता तर बरं झालं असतं. तो प्रत्येक मेलच्या शेवटी तिचे आभार मानायचा, तिच्या फोटोंचं कौतुक करायचा, आणि ती ते कौतुक वाचून घामाघूम व्हायची. एकदा तिनं मॅडमना सहज विचारल्यासारखं करून विचारलं, “नवीन जातीचं नाव पुढं चुकीचं निघालं, तर काढून टाकतात ना?”

“छे हो. एकदा प्रसिद्ध झालं की झालं. चूक निघाली तर तशी नोंद होते, पण नाव पुसत नाहीत. आणि आता तर छापखान्याचीही वाट बघावी लागत नाही. लेख ऑनलाइन आला की जगभरच्या याद्यांत नाव आपोआप जाऊन बसतं.”

म्हणजे सांगायचं तर पायवाल्याचा लेख यायच्या आत सांगायला हवं. रोज सकाळी ती ठरवायची, आज सांगू. मॅडमच्या दारापर्यंत जायची, आणि तिथून पाणी प्यायला वळायची. नोकरी गेली तर? चोर म्हणाले तर? बाबांना काय सांगणार? घरात कमावणारं दुसरं कोण होतं?

अशात पायवाल्यानं कळवलं, ‘तुमच्या फोटोंशिवाय हे झालंच नसतं. म्हणून या भुंगेऱ्याला मी तुमचं आडनाव देतो आहे.’ मॅडमनी ही खबर कौतुकानं तिच्या घरी फोन करून कळवली. नको तिथं हौस!

“आपलं आडनाव?” ती घरी पोचायच्या आधीपासून बाबा दारात उभे होते. “भुंगेऱ्याला?”

“किडा आहे बाबा तो. मेलेला.”

“असू दे की. आपल्यामागं आडनाव लावणारं कोणी नाही म्हणून मी इतकी वर्षं मनात कुढत होतो. आता लावेल तो किडा!” आणि म्हातारा डोळे पुसून हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानदारानं तिचं अभिनंदन केलं. मग बाबांचे केस कापणाऱ्यानं. मग खालच्या मजल्यावरच्या काकूंनी, ज्या एरवी पाण्याच्या पाइपवरून भांडायच्या. हातातली औषधाची पिशवी तिला जड वाटायला लागली. भीतीलाही कुठंतरी तळ असतो, असं तिला आजवर वाटत होतं. तो काही लागेना.

शेवटी एका सकाळी ती पाणी प्यायला न वळता सरळ मॅडमच्या खोलीत शिरली आणि उभ्याउभ्याच म्हणाली, “तो पाय त्याचा नाही. मी चिकटवला.”

मॅडमनी भुंगेरा मागवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, सुईचं टोक सांध्याला हलकेच लावून बघितलं. मग पायवाल्याला फोन लावला. फोटोवालीला पलीकडचं ऐकू येत नव्हतं, फक्त मॅडमचा चेहरा दिसत होता.

“कधी?” मॅडम म्हणाल्या. मग बराच वेळ ऐकत राहिल्या. “हो, डावा. नाही, मुद्दाम नाही. मी पुन्हा फोन करते.”

त्यांनी फोन खाली ठेवला. “लेख आज सकाळीच आला. सगळा लेख त्या पायावर उभा आहे.”

कॉम्प्युटरवर त्यांनी भुंगेऱ्याचं पान उघडलं. आजवर रिकाम्या असलेल्या जागी नवं नाव येऊन बसलं होतं, आणि त्यात तिचं आडनाव स्पष्ट वाचता येत होतं.

“जवळचे फोटो काढायच्या आधी सांगितलं असतंत तर काहीच बिघडलं नसतं,” मॅडम म्हणाल्या. “इतके दिवस गप्प का बसलात?”

“भीती वाटली.”

“आणि आता नाही वाटत?”

“आता जास्त वाटते.”

मॅडमनी खुर्ची तिच्याकडं सरकवली. “तो त्याच्या बाजूनं लिहीलच. या फोटोखाली तुम्ही लिहायचं. तुमच्या नोकरीचं मला वर विचारावं लागेल, तोवर कॅमेऱ्याला हात लावू नका.”

तिनं लिहिलं, ‘या भुंगेऱ्याचा मागचा डावा पाय त्याचा स्वतःचा नाही. तो दुसऱ्या कुठल्यातरी किड्याचा पाय मी डिंकानं चिकटवला आहे.’ तेवढ्यानं भागलं असतं. पण तिची बोटं थांबली नाहीत. ‘जवळच्या फोटोंत डिंक दिसू नये म्हणून दिवाही मीच हलवला.’ हे वाचून मॅडमनी तिच्याकडं वळून बघितलं. फोटोवालीनं बटण दाबलं आणि डबा उचलून घरचा रस्ता धरला.

बाबा खिडकीपाशी फोन घेऊन बसले होते. काकूंनी त्यांना ते पान उघडून दिलं होतं.

“काय फोटो काढलायस गं! अंगावरची लव मोजून घ्यावी! आणि हे बघ, आपलं नाव.” त्यांनी फोन तिच्यापुढं धरला. “खाली पण कोणीतरी काही लिहिलंय. कौतुकच असणार. अक्षरं बारीक आहेत, मला दिसत नाहीत. तू वाच.”

तिथं तिला काहीही वाचता आलं असतं. बाबांना काय दिसणार होतं? ती त्यांच्या शेजारी बसली आणि जे लिहिलं होतं ते तिनं शब्दाला शब्द वाचलं, दिव्यासकट.

बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

“म्हणजे असा किडा नाहीच?”

“नाही, बाबा.”

“आणि आपलं नाव?”

“ते राहणार,” ती म्हणाली. “ते आता काढता येत नाही.”