मागच्या सपरीतली कायमची मेंबर

ज्या बायकांना चार दिवस काही कामच करू देत नाहीत, त्यांच्याकडे किस्से साचणारच! चुलीला हात लावायचा नाही, माठाला लावायचा नाही, देवाला तर नाहीच नाही. मग उरतं काय? तोंड! जानेफळला आमच्या घरामागे टिनाच्या छपराची एक सपरी होती. आमच्या आणि शेजारच्या दोन घरांच्या बायका पाळी आली की तिथेच बाहेर बसायच्या. बाकीच्या बायका चार दिवसांनी न्हाऊन आत जायच्या. मी मात्र तिथली कायमची मेंबर!

त्याचं कारण माझ्या छातीत होतं. लहानपणीच्या सांधेतापाने हृदयाची झडप खराब झाली होती. लग्नानंतर दोनच वर्षांनी मुंबईत ऑपरेशन करून तिथे लोखंडी झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गाठ धरू नये म्हणून रोज सकाळी रक्त पातळ करायची गोळी. गोळी चुकली तर झडप अडकणार. गोळी घेतली तर पाळी आली की जायचं नाव घेत नाही. आमच्या गोष्टीतलं दुखणं एवढंच, पण ते महिन्यातले निम्मे दिवस पुरायचं.

* * *

ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा सपरीत बसले, तेव्हा शेजारच्या शांताबाई आधीच तिथे होत्या. दुपारची वेळ, सगळं सामसूम. शांताबाई एकदम उठून बसल्या आणि माझी उशी, वाकळ, चटई उलटीपालटी करायला लागल्या.

"काय पाह्यता?"

"कोनाची तरी घड्याळ राह्यली वं इथं. टिकटिक येऊन राह्यली."

मी छातीकडे बोट दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. शेवटी त्यांनी माझ्या छातीला कान लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. पाहते तर काय, बाई झोपल्या होत्या!

पुढच्या महिन्यात त्या घरच्यांना सांगताना मी ऐकलं, "सुमनजवळ असली झोप लागते! घरात काऊन लागत नाही काय माहीत."

* * *

मला कापड फार लागायचं. जुनी लुगडी संपली, पोलकी संपली, मग यांची धोतरं संपली. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, गल्लीभर फिरून जुनं सुती कापड गोळा करायच्या. शांताबाईंनीही पेटीतून एक मऊसूत धोतर काढून दिलं.

आमच्याकडे ही कापडं कोपऱ्यात, अंधारात वाळायची. दवाखान्यातल्या गवई सिस्टर एक दिवस आल्या आणि त्यांनी सगळी बाहेर काढली. "उन्हात वाळवा, आत्याबाई. पोरीच्या अंगात रक्त नाही, वरून रोग कायले पाह्यजे?" आत्याबाईंनी लाजत लाजत परसातल्या दोरीवर घातली. वरून एक विरलेलं लुगडं पांघरलं.

वाऱ्याने लुगडं उडालं. नेमके त्याच वेळी शांताबाईंचे यजमान परसामागून शेतात निघाले होते. ते दोरीपाशी थांबले. लाल काठाचा तुकडा न्याहाळून मोठ्याने म्हणाले, "हे तर माह्यं लग्नातलं धोतर!"

सपरीत मी आणि शांताबाई श्वास रोखून बसलो. आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "हाव भाऊजी. घेऊन जाता का?"

त्या दिवसापासून ते शेतात पुढच्या रस्त्याने जायला लागले.

* * *

गवई सिस्टर आल्या की थेट माझ्याजवळ चटईवर बसायच्या. नाडी बघायच्या, डोळ्यांच्या पापण्या ओढून बघायच्या, माझ्याच तांब्यातलं पाणी प्यायच्या. आत्याबाई दारातूनच म्हणायच्या, "सिस्टर, आता तुमाले आंघोळ करा लागन."

"आत्याबाई, दिवसभर मी गावाले शिवून राह्यली. कितीदा न्हाऊ? आमच्या घरी तर हे बाहेर बसनं कवाच बंद झालं."

"मंग तुमच्या बायकाईले आराम कवा भेटते?" आत्याबाईंनी खरोखर काळजीने विचारलं. सिस्टर उत्तर द्यायला लागल्या आणि त्यांना हसू आवरेना.

* * *

मला त्या दुपारी आठवतात त्या अर्धवट झोपेतल्या. जास्त जात असलं की उठताना डोळ्यांपुढे पांढरं यायचं. मग मी उठतच नसे. वर टिनाला बारीक छिद्रं होती, त्यातून उन्हाचे कवडसे चटईवर पडायचे आणि हळूहळू सरकत माझ्या पायावरून हातावर यायचे. लिंबाची पानं वाजायची. छातीतली टिकटिक माझीच की दुसऱ्या कोणाची, असं वाटायचं. भीतीही वाटायची, पण तीसुद्धा लांबून आल्यासारखी. पिंजलेल्या कापसासारखं हलकं होऊन मी तरंगत असायचे.

माझ्याबरोबर बऱ्याचदा नलू असायची, पलीकडच्या घरची नवी सून. एकदा तिने विचारलं, "सुमनताई, डोळे मिटून काय पाह्यता?"

"मी घरात चालली. चुलीजवळ बसली. भाकर थापून राह्यली."

नलू म्हणाली, "माय! स्वप्नात तरी आराम करा नं!"

* * *

नागपूरला तपासणीला गेलो की डॉक्टर मला विचारायचे, "पाळीत किती जातं?" मी यांच्याकडे बघायची आणि हे छताच्या पंख्याकडे.

एकदा डॉक्टर वैतागले. "अहो, तुम्ही तरी सांगा! थोडं की फार?"

हे लाल झाले, खाकरले आणि पंख्यालाच म्हणाले, "साहेब, आमच्या गल्लीतले धोतरं संपले."

डॉक्टरांनी मुकाट्याने रक्तवाढीच्या गोळ्या लिहून दिल्या. मग नेहमीसारखं बजावलं, "कितीही जाऊ द्या, ती रक्त पातळ करायची गोळी बंद करायची नाही. चुकत नाही ना?"

"नाही साहेब," आम्ही दोघंही म्हणालो. आणि आम्हाला ते खरंच वाटत होतं.

* * *

आता त्या गोळीचं सांगते. मुंबईहून आले त्याच दिवशी आत्याबाईंनी गोळ्यांची डबी देव्हाऱ्यात रांगत्या बाळकृष्णाच्या पायाशी ठेवली. "आता हे तुह्या हवाली," असं त्याला सांगितलं. तेव्हापासून ती गोळी म्हणजे प्रसाद! रोज पूजा झाली की आत्याबाई माझ्या तळहातावर एक गोळी ठेवायच्या. आणि बाहेर बसलेल्या बाईला प्रसाद कोण देतं? ते दिवस गोळी नाही. यात काही चुकतंय असं घरात कोणाच्या मनातही आलं नाही. अंगारा मिळत नाही, तीर्थ मिळत नाही, तशी गोळी मिळत नाही.

एका महिन्यात मात्र माझं थांबेचना. दिवसामागून दिवस मी सपरीतच. एका दुपारी नलू शेजारी पडली होती. ती एकदम म्हणाली, "सुमनताई, तुमची टिकटिक आज दबकी काऊन येऊन राह्यली?"

मला बोलायलाही दम लागत होता. नलू ओरडतच गवई सिस्टरांकडे धावली. जीपने अकोला, तिथून नागपूर. हाताला सुया लावून झडपेवरची गाठ विरघळवली. थोडक्यात वाचले.

डॉक्टर यांच्यावर कडाडले, "गोळी बंद केलीच कशी?"

हे हात जोडून म्हणाले, "बंद नाही केली साहेब. देवाजवळ होती."

* * *

मी घरी आले. आत्याबाई येता-जाता माझ्याजवळ थांबून टिकटिक ऐकायच्या आणि पुढे जायच्या.

पुन्हा पाळी आली. हे म्हणाले, "आई, डबी काढून सपरीतल्या फळीवर ठेव."

"देवाच्या हवाली केलेली चीज वापस घेत असतात का? त्यानंच तं वाचवली तिले."

"मंग ती गोळी घेईन कशी?"

सकाळ वर चढली, गोळीची वेळ टळायला आली. मी सपरीत चटईवर बसून मागच्या दाराकडे बघत होते. शांताबाई आणि नलूही दाराकडेच बघत होत्या.

तेवढ्यात आत्याबाई आल्या. न्हाऊन, ओलेत्याने. हातात देव्हारा! बाळकृष्ण, घंटी, निरांजन आणि पायाशी ती डबी, सगळं जसंच्या तसं. त्यांनी तो माझ्या चटईला लागून पाटावर ठेवला आणि चार पावलं मागे सरकल्या.

शांताबाईंनी कपाळाला हात लावला. "आत्याबाई! देव बाटवला तुमी!"

"बाटला नाही. बाहेर बसला."

"मंग आता त्याची पूजा कोन करन?"

"मले काऊन विचारतं? मले आता शिवता येते का त्याले?" आत्याबाईंनी पदर आवरून घेतला आणि माझ्याकडे वळल्या. "आधी गोळी घे. मंग त्याले आंघोळ घाल, कोमट पान्यानं. आनी घाई करू नको. तुह्यं थांबन तवा दोघं सोबतच न्हाऊन घरात या."