वहिनींची वरची मूठ

गुरुत्वाकर्षणाला अंगणात उभं करून जाब विचारणारी एकच व्यक्ती माझ्या माहितीत आहे, आणि ती म्हणजे माझी थोरली वहिनी. लोधिवलीजवळ आमचं गाव, तिथे दादाची भातशेती. नववीत सुटलेली शाळा वहिनींना पन्नाशी उलटल्यावर आठवली आणि त्यांनी बाहेरून दहावीचा फॉर्म भरला. मार्चमध्ये बाकीचे सगळे विषय सुटले, मराठीत तर पेढे वाटण्याइतके गुण पडले. राहिलं ते विज्ञान, आणि विज्ञानातही पडणाऱ्या, धावणाऱ्या आणि आदळणाऱ्या वस्तूंची गणितं. जुलैच्या फेरपरीक्षेत ती काढायचीच, असं त्यांनी ठरवलं, कारण श्रावणात मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. "एकदा घरात बाळ आलं की पुस्तक माळ्यावर जातंय, भावजी. मग ते खाली काढणारं कोण नाय," त्या म्हणाल्या. त्या हे हसत म्हणाल्या, पण हातातलं पुस्तक छातीशी धरून म्हणाल्या. शिकवायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात बारावी सायन्स झालेला मी एकटा. मी ती बारावी कशीबशी झालो होतो आणि आता त्यातलं जवळजवळ काही आठवत नव्हतं. हे तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

कर्जतला ऑफिसात मी दुपारी डबा उघडला की वहिनींचा फोन यायचा. त्यांची अडचण सूत्रांची कधीच नसायची. सूत्रं त्यांना आरतीसारखी पाठ होती. अडचण असायची गणितातल्या माणसांची. एका मुलाने इमारतीच्या गच्चीवरून चेंडू खाली सोडला, असं वाचलं की त्या तिथेच थांबायच्या. "पोर गच्चीवर गेलंच कसं, भावजी? कठडा तरी हाय का?" कठडा आहे, चांगला कमरेएवढा आहे, असं मी सांगितल्याशिवाय चेंडू खाली यायचा नाही. 'हवेचा विरोध विचारात घेऊ नका' या वाक्यावर तर त्यांचा राग होता. "इर्शाळगडावरनं वारा सुटला की गोठ्याचे पत्रे उडतात, नि हे पुस्तक म्हणतंय विचारात घेऊ नका. लिहिणारा एक पावसाळा इथं राहिलाय का?" मला उत्तर सुचत नसलं की मी म्हणायचो, "उद्या सांगतो वहिनी, आत्ता साहेब आलेत." साहेब आलेले नसायचे. साहेबांचा त्या वेळी डोळा लागलेला असायचा. मग मी खणातलं दहावीचं गाइड काढायचो आणि दुसऱ्या दिवशी जन्मापासून ठाऊक असल्यासारखं उत्तर द्यायचो. हे असं महिनाभर चाललं. डबा गार व्हायचा आणि मन खायचं.

सांगितलेलं ऐकून गप्प बसणाऱ्यांतल्या वहिनी नव्हेत. जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी जमिनीवर पडतात, हे त्यांना पटेना. त्यांनी एका हातात लाल भोपळा आणि दुसऱ्या हातात लिंबू घेऊन गच्ची गाठली आणि दादाला खाली अंगणात लक्ष ठेवायला उभं केलं. रविवारी मी गेलो तर दादा ओटीवर तोंड पाडून बसलेला. मी विचारलं, "काय रे, एकदम पडले का दोन्ही?"

"ते काय कळलं नाय रं," दादा म्हणाला. "भोपळा येताना दिसला तसा मी डोळे मिटले. पन फुटला तो नक्की. परवापासनं भाजी तीच हाय."

"तुमाला बघायला उभं केलेलं की झोपायला?" आतून वहिनींचा आवाज आला. "परत टाकाय लागंल आता. दुसरा भोपळा उतरलाय परसात."

"तिला सांग, ते तिचं गुरुत्व काय ते मला पटलेलं हाय," दादा मला हळूच म्हणाला.

पण वहिनींना मार्चमध्ये विज्ञानाने का अडवलं, ते मला फार उशिरा कळलं. त्यांची रीत बरोबर असायची, आकडे बरोबर असायचे, आणि शेवटचं उत्तर मात्र दर वेळी जरासं जास्त यायचं. दगड दोन सेकंदांत खाली पडायला हवा, तर त्या लिहायच्या सव्वादोन. वीस मीटरच्या जागी एकवीस. मी डोकं खाजवत बसलो. शेवटी एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पिताना ते कोडं सुटलं. वहिनी वाटीने तांदूळ मोजून घेत होत्या. वाट्या मोजून झाल्या आणि त्यांनी वरून एक मूठ घातली. आमच्याकडे सगळ्याच बायका ती घालतात. ती मूठ मोजायची नसते, आयत्या वेळी कुणी आलं तर त्याची असते.

"वहिनी, तुम्ही गणितातही ही मूठ घालता का?"

"मग? अगदी दोन कसं लिहिनार? अगदी मोजून दोन म्हनजे बरं दिसत नाय, भावजी. जरा वर असलं की कुनाला कमी पडत नाय."

मी त्यांना पुष्कळ समजावलं. दगडाकडे पाहुणे येत नाहीत, पेपर तपासणाऱ्याला नेमकंच हवं असतं, मूठ घातली की गुण जातात. त्या खाली मान घालून ऐकत होत्या, आणि मला बोलता बोलता कसंतरी होऊ लागलं. कारण माझी बायको गेल्यापासून मी बहुतेक रविवारी न कळवता तिथे जेवायला जातो, आणि मला कधीच भात कमी पडलेला नाही. ज्या मुठीवर मी इतके रविवार जेवलो, तीच मूठ मी त्यांच्या हातून सोडवत होतो. तरी सोडवली. पास तर व्हायला हवं होतं.

परीक्षेच्या दिवशी मी रजा टाकून खोपोलीच्या केंद्राबाहेर दादासोबत उभा होतो. दादाने खिशात लिंबू ठेवलं होतं, का ते त्यालाच ठाऊक. वहिनी घामाघूम होऊन बाहेर आल्या.

"कसा गेला?" दादाने विचारलं.

"मूठ घातली नाय. हात नुसता शिवशिवत व्हता," त्या म्हणाल्या.

निकाल माझ्या मोबाइलवर पाहिला. पास व्हायला पस्तीस लागतात, वहिनींना छत्तीस पडले होते. मी फोन करून सांगितलं. पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला आणि वहिनी म्हणाल्या, "तपासनारा आपल्याकडचाच असनार, भावजी. वरनं एक घातलाय बगा."

श्रावणात मुलगी आली, नात झाली आणि पुस्तक माळ्यावर गेलं. दुपारचा फोनही बंद झाला. माझा डबा आता गरम असतानाच संपतो. ऑफिसात सगळं शांत असतं, साहेबांच्या घोरण्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो. गाइड अजून खणातच आहे. ते कुणाला तरी द्यायचं म्हणतो, पण राहून जातं.

परवा रविवारी गेलो, तर वहिनी झोळीला झोका देत अंगाई म्हणत होत्या. मला पाहून त्यांनी बोट ओठांवर ठेवलं आणि बसायची खूण केली. मग हळूच म्हणाल्या, "एक इचारू, भावजी? झोका मोठा दिला काय नि बारका दिला काय, झोळी परत येते तवा गान्याची ओळ तितंच संपते. येळ तेवढाच कसा लागतो?"

हे दहावीच्या पुस्तकात नाही. बारावीत शिकलेल्या सगळ्यातून ही एकच गोष्ट माझ्या डोक्यात शिल्लक राहिली आहे. उत्तर अगदी जिभेवर आलं होतं.

"उद्या सांगतो, वहिनी," मी म्हणालो. "दुपारी फोन करा."