गेटवर खुर्ची नको

हे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही: पायदळातल्या नोकरीची बहुतेक वर्षं मी बूट-कपड्यांच्या स्टोअरमध्ये स्टुलावर बसून काढली. भरतीनंतर एका लांबच्या मार्चमध्ये टाच चिघळली. आमचा हवालदार तोंडाचा घाणेरडा, पण मार्च संपला की स्वतः पाणी पिण्याआधी एकेकाचे मोजे उतरवून पाय बघायचा. माझी टाच बघून त्याने आईवरून शिवी हासडली आणि मला इस्पितळात धाडलं. पाय वाचला, पुढे बसून करायचं काम मिळालं. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. मी मात्र लाजलो.

निवृत्तीनंतर दुबईत आलो. सिक्युरिटी कंपनीचा शेठ आपलाच, मराठी. मी फौजेत साधा नाईक, इथे गार्डांचा सुपरवायझर, पण तो पहिल्या दिवसापासून मला ‘मेजर’ म्हणायचा. मंडळाच्या कार्यक्रमात ‘सीमेवरचा जवान’ म्हणून शाल घालायचा, लोक टाळ्या पिटायचे. आणि याच लोकांच्या साइटवर गार्ड जरा टेकला की पगार कापायचे! फौजी त्यांना पहाऱ्याला नकोच होता. दुसऱ्यांना उन्हात उभं ठेवायला हवा होता.

दुबई मरीनात तेव्हा टॉवर उठत होते. तिथल्या एका गेटवर पहाऱ्याला एक गार्ड असत, सगळे त्यांना मामा म्हणायचे. कोकणातले, माझ्याहून वयाने मोठे, शुगरवाले.

“मेजर, क्लायंट राउंडला येतो. गेटवर खुर्ची दिसली तर कॉन्ट्रॅक्ट खलास,” शेठ म्हणाला. एसी गाडीची काच चार बोटं खाली करून.

त्याच दुपारी मामा म्हणाले, “साहेब, पायाला फोड आलाय. दुखत नाय, म्हणून भ्या वाटतं. जरा बघता काय?” आणि खाली बसून बुटाची नाडी सोडायला लागले.

“उठा, मामा. मी बर्फात रात्र-रात्र उभा राहिलोय. तुम्हाला डांबरावर उभं राहवत नाही?”

“मामांना पाळणा आणा रे!” कोणीतरी ओरडलं. सगळे हसले, मामाही हसले. नाडी बांधली आणि उभे राहिले. बर्फ मी दुसऱ्यांच्या फोटोतच पाहिला होता.

काही दिवसांनी बूट पायातून निघेना. इस्पितळात पाय घोट्याच्या वर कापला.

“याने आधी सांगितलं नाही?” शेठने विचारलं.

“नाही शेठ. बाटलीतला माणूस. त्याला कुठली शुद्ध!”

मामांनी आयुष्यात थेंब घेतला नव्हता. पण शेठचा चेहरा उजळला. चूक पिणाऱ्याची म्हटल्यावर भरपाई द्यायला नको! मामांना विमानात बसवून दिलं आणि माझं बोलणं लेबर कॅम्पातल्या पोरांबरोबर त्यांच्या आधीच गावी पोचलं. त्यांच्या बायकोनेही ते खरं मानलं, असं ऐकतो. शेठचा संताप आजही येतो, पण ते वाक्य त्याचं नव्हतं.

मामा कुबडीवर आहेत. त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्या बायकोसमोर, ते पीत नव्हते, त्यांनी मला पाय दाखवायला बुटाची नाडी सोडली होती आणि मी बघितला नाही, एवढं सांगणं माझ्यावर अजून बाकी आहे.