ब्रेक मागे बसणाऱ्याच्या हातात

पायडल एकदम जड झालं तेव्हा मला वाटलं, जना मस्करी करतोय. रविवारची सकाळ होती, अंबाडीचा नाका समोर दिसायला लागला होता. जोडसायकलवर पुढच्या सीटवर तो आणि मागच्या सीटवर मी. ही सायकल त्यानंच बनवलेली. पुढची आणि मागची पायडलं साखळीनं एकमेकांना बांधलेली, एकाची फिरली की दुसऱ्याची फिरणारच. त्यामुळे पुढच्यानं जरा कामचुकारपणा केला की मागच्याच्या मांडीला लगेच कळतं. "काय शेठ, झोपलास काय? पाय चालव!" मी ओरडलो. त्याची मान हँडलवर गेली, सायकल डावीकडे वळायला लागली... आणि मी दोन्ही ब्रेक आवळले. सायकल मातीत थांबली. माझा चांगला पाय खाली टेकवून मी त्याचा शर्ट मागून घट्ट धरला, आणि त्याच क्षणी एक कंटेनर आमच्या बाजूनं धडधडत गेला. वडेवाला धावत आला, कुणीतरी टेम्पो थांबवला. दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं आणि नुसती मान हलवली.

काही आठवडे झाले, पण अजून पटत नाही. अहो, या माणसाला साधा सर्दीचा रुमाल लागला नव्हता! आदल्याच महिन्यात तपासणी करून आला आणि माझ्या दारात उभा राहून छाती ठोकत म्हणाला, "सिधू, डॉक्टर बोलला, पोराचं काळीज हाय तुझं." त्या सकाळी निघतानाही बोललाच होता, "आज पाय लय हलके हाईत रं." आणि तासाभरात संपलं? कुणाला जाब विचारायचा याचा? मी आता दिसेल त्याच्यावर चिडतो. घरातली म्हणते, तुम्ही रडून घ्या एकदा. पण रडायला तो गेलाय हे आधी पटायला नको?

जनार्दन आणि मी भिवंडीत एकाच शाळेत होतो. तो खाडीकाठच्या आगरी शेतकऱ्याचा मुलगा, मी बुद्धवाड्यातला. शाळा सुटली की तो लूमवरचे कापडाचे तागे सायकलवर लादून व्यापाऱ्याकडे पोचवायचा, आणि त्या ओझ्यानंच त्याच्या पोटऱ्या अशा बनल्या की मोकळी सायकल हातात आली की ती उडायचीच. जत्रेतल्या, मंडळांच्या, तालुक्याच्या, जिथं कुठं शर्यत लागेल तिथं जना पहिला. बक्षिसांच्या स्टीलच्या कळशांनी त्याच्या आईचं घर भरलं. "पोरा, आता भांड्यांचं दुकान टाक," असं ती म्हणायची. मी त्याच्या मागच्या चाकाला चिकटून पळायचो. वारा तो कापायचा, मी फक्त मागं राहायचो, आणि तेवढ्यावर माझा दुसरा-तिसरा नंबर ठरलेला.

शर्यतीआधी सगळेच सायकली हलक्या करायचे. मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, सगळं उतरवायचं. जना ब्रेकही उतरवायचा. "थांबणाऱ्याला ब्रेक लागतो, जिंकणाऱ्याला न्हाय," हे त्याचं तत्त्वज्ञान. भिवंडीहून वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावरच्या मोठ्या शर्यतीला त्यानं माझ्याही सायकलचे ब्रेक काढले, आणि मी शेजारी बसून खुशीत शेंगदाणे खात होतो. उतारावर गवतानं भरलेली बैलगाडी आडवी आली. जना निसटला. मी नाही निसटलो, गाडीला धडकून खाली शेतात फेकला गेलो. गुडघ्याचा चुरा झाला. जना पुढं निघून गेला होता, पण मागून आरडाओरडा ऐकून तो परत फिरला आणि मला पाठीवर टाकून रस्त्यापर्यंत घेऊन आला. ती शर्यत कोणी जिंकली, ते आम्हा दोघांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. माझा पाय कायमचा अधू झाला, आणि जनानं त्यानंतर एकही शर्यत मारली नाही.

मी पोस्टात काउंटरवर लागलो. जनानं भिवंडीजवळ पूर्ण्याला पत्र्याच्या शेडमध्ये एक जुना लेथ बसवला आणि टेम्पोचे ब्रेक शू, म्हणजे चाक आतून दाबून धरणाऱ्या पट्ट्या, बनवायला घेतले. लोक हसले. वाऱ्याशी पैज लावणारा गडी आता गाड्या थांबवायला बसला! परदेशात एके काळी सायकलच्या शर्यती मारणाऱ्या पोरांनीच पुढे मोटारींचे कारखाने काढले, असं त्यानं कुठंतरी ऐकलं होतं. त्यात एक जर्मन होता म्हणे. मला सांगायचा, "एक जर्मनीचा तो, आन एक भिवंडीचा मी." मी म्हणायचो, "त्यानं गाडी बनवली, तू नुसता ब्रेक." तर गडी पुन्हा लेथ चालू करायचा.

शेडचा कारखाना झाला, आजूबाजूची भातशेती जाऊन गोदामं आली, जना 'जनाशेठ' झाला. पण मालाची परीक्षा त्यानं दुसऱ्या कुणावर सोडली नाही. प्रत्येक नव्या मालातले दोन-चार शू आपल्याच टेम्पोला बसवायचे, टेम्पो भरायचा आणि उतारावर नेऊन ब्रेक दाबायचे. एकदा मी कारखान्यात गेलो तर एक उत्तर प्रदेशचा कारागीर पेटीवर खडूनं खूण करत ओरडला, "सिधू पास हो गया!" मी चमकलो. माझं नाव याच्या तोंडी कसं? सगळे हसायला लागले. मग कळलं, उतारावर टिकलेल्या मालाला तिथं 'सिधू' म्हणतात. शेठनंच शिकवलेलं. नवा माणूस कामावर आला की त्याला शू हातात देऊन सांगायचा, "देख, इसके भरोसे किसीका सिधू बैठेगा." मला हसू येईना. मी त्याला बाजूला घेऊन फैलावर घेतलं. "अरे, किती वर्षं हे उगाळत बसणार? ब्रेक तू काढलेस, मी काढू दिले. फिटलं!" तो हात पुसत एवढंच म्हणाला, "पाना माझ्या हातात व्हता."

मी निवृत्त झालो त्या आठवड्यात सकाळी सकाळी दारात हाक आली, "जय भीम, सिधू! चल." बाहेर बघतो तर ही लांबलचक सायकल. "वेडा झालायस काय? या पायानं?" तर म्हणे, "पाय माझे हाईत ना. तू नुसता टेकव." मग त्यानं मागचं हँडल दाखवलं. दोन्ही ब्रेक तिथं. पुढच्या हँडलवर एकही नाही. मुद्दामच. "आता कुठं थांबायचं ते तू ठरवायचं," तो म्हणाला आणि पुढं जाऊन बसला. पहिल्या रविवारी मी मानकोलीपर्यंत भीतीनं सारखा ब्रेक दाबत होतो. सायकल कशी ती चालेचना. मागून गाडीवाले शिव्या देत होते. जना घामाघूम झाला, पण वळून रागावला नाही. "दाब, दाब, हक्काचा हाय," म्हणत राहिला. हळूहळू माझी मूठ सैल झाली. मग दर रविवारी अंबाडी, वडे, चहा आणि परत. अधू पायाखाली पायडल अगदी हलकं फिरायचं. हलकं आहे म्हणजे जना ओढतोय, इतकं साधं होतं ते.

दिवसकार्याला त्याची मुलगी रूपाली, आता कारखाना तीच बघते, माझा हात धरून म्हणाली, "काका, तुम्ही ब्रेक मारलात म्हणून बाबा त्या कंटेनरखाली गेले नाहीत. अंगावर एक ओरखडा नव्हता." मला तिथं बसवेना. म्हणजे ते ब्रेक शेवटी त्याच्याच कामी आले, आणि हे त्याला सांगायला तो नाही! "आता तरी फिटलं का रे, जना?" एवढं विचारायचं होतं. तेवढंच राहिलं.

परवा तिचा फोन आला. सायकल कारखान्यात आणून ठेवली होती, कामगार ती भिंतीवर टांगायची म्हणत होते. मी गेलो. मागचं चाक अधांतरी धरणाऱ्या स्टँडवर ती उभी होती, पुसून लखलखीत केलेली. पुढच्या सीटचं कातडं एका बाजूला दबलेलं, तो तसा तिरका बसायचा. "बसा ना काका," रूपाली म्हणाली. मी मागच्या सीटवर बसलो, दोन्ही हात ब्रेकवर ठेवले आणि पाय फिरवले. पुढची रिकामी पायडलंही बरोबर फिरायला लागली. चाक जमिनीला टेकलेलं नव्हतं, त्यामुळे पायाला कसलंच ओझं लागेना... अगदी रविवारसारखं हलकं. लेथचा आवाज थांबला, माणसं बघत उभी राहिली. "काका, बस आता, दमाल," रूपाली म्हणाली. मी पाय थांबवले. चाक मात्र कितीतरी वेळ फिरत होतं. ब्रेक माझ्याच हातात होते, पण ते दाबणं काही माझ्याच्यानं झालं नाही.